उताराला लागलेलं ऊन

मुमताजआपानं ओलं फडकं माझ्या उंबऱ्यावर आपटलं.

"अजून किती पुसू गं? सकाळपासनं तिसऱ्यांदा चढले छपरावर. धूळ न्हाई, कबुतराची घाण न्हाई, वाळलेलं पान न्हाई. आरशागत केलंय. आणि माग परत बंद!"

बुधवारची भर दुपार. मी भाकरी थापत होते. आमच्या घरात तीन पंखे फिरत होते आणि माझा नवरा, विलास, कूलरसमोर बनियनवर लोळत होता. आपानं मान वर करून तिन्ही पंखे बघितले. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"बस की आपा. पाणी देते."

"पाणी नको. सांगायला आलेय. शनिवारी माधवनगरचा माणूस येणाराय. दोन्ही माग नेतो म्हणतोय. आणि मी जाते भिवंडीला, लेकाकडं. नातवंडं सांभाळीन. काय करायचं मग हितं बसून?"

"अगं, पण..."

"पण काय? कंपनीवाला म्हणतो तुमच्या बाजूला उजेड कमी. आता मला सांग, सूर्य काय पार्टीबाजी करतोय व्हय?"

ती गेली. फडकं तिथंच राहिलं.

आमची वसाहत इचलकरंजीच्या कडेला आहे. एका रांगेत तीस घरं, भिंतीला भिंत लागलेली, सगळ्यांना पत्रा. आपाचं घर पहिलं, माझं तिसावं. माझ्या पलीकडे सार्वजनिक नळ आणि त्याच्या शेजारी कंपनीची हिरवी पेटी. बारा वाजता तिच्या आणि माझ्या छपरावर सारखंच ऊन पडतं. तिच्या घरात दोन माग आहेत, जखमेवर बांधायचं जाळीचं कापड विणणारे. ते चालत नव्हते. माझ्या घरात मात्र निजलेल्या माणसाला गारवा मिळत होता. हा फरक मला वर्षभर दिसत होता. दिसत होता आणि मी भाकरी थापत होते.

छपरावर जे अंथरलंय त्याला आमच्याकडे पापुद्रा म्हणतात. कंपनीचं नाव वेगळं आहे, ते तिच्या जाहिरातीत वाचा. पापुद्रा म्हणजे काय ते मी सांगते. मी दहावी नापास आहे, तेव्हा मला कळलं ते कुणालाही कळेल.

तीन अणूंच्या जाडीचा एक थर. मध्ये मॉलिब्डेनम, खाली-वर गंधक. त्याच्यावर तसाच दुसरा थर, टंगस्टन आणि सेलेनियमचा. असे लाखभर थर रचले तर एका केसाची जाडी होते. यावर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन जागा सोडून उठतो आणि मागे रिकामी जागा उरते. इलेक्ट्रॉन ऋण, ती जागा धन. दोघं एकमेकांना सोडत नाहीत, जोडीनं फिरतात. एकाच थरात असली तर ही जोडी डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी मिटते, इलेक्ट्रॉन परत जागेवर, ऊन फुकट. पण थर दोन असले की इलेक्ट्रॉन एका थरात जाऊन बसतो आणि रिकामी जागा दुसऱ्यात राहते. एक माडीवर, एक तळमजल्यावर. ओढ आहे, पण जिना नाही. म्हणून जोडी टिकते. आणि टिकते तोवर सरकत राहते.

पूर्वी ही जोडी केसाच्या जाडीइतकंही अंतर कापत नव्हती. जाळीदार कापडाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून जरा तिरके केले की लहरी दिसतात, बघितल्या असतील. अणूंच्या जाळीतही तशाच लहरी उठतात आणि त्या लहरींच्या खड्ड्यांत जोड्या अडकून मरतात. दोन थरांमधला कोन नेमका जमला की खड्डे उथळ होतात आणि जोडी वाटेला लागते. हा कोन सापडायला मोठमोठ्या लोकांची आयुष्यं गेली. तो कोन ताक्यावर ताका राखायला मात्र त्यांना आमच्या गावात यावं लागलं. कारण तो राखणारं यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही, आणि मेंडिंगवाल्या बायका आमच्या गावात गल्लोगल्ली आहेत.

मेंडिंग म्हणजे मागावरून उतरलेलं कापड उजेडावर धरायचं, तुटलेला धागा, सुटलेली गाठ, राहिलेली फट शोधायची आणि चिमट्यानं दुरुस्त करायची. मी अठराव्या वर्षापासून हे करतेय. मला शिकवलं मुमताजआपानं. दोघी एकाच टेबलाला समोरासमोर. कापड संपलं, पापुद्रा आला, टेबल तेच. काचेखाली निळा दिवा लावला की जिथं कोन बिघडलाय तिथं तांबूस डाग उगवतो. अडकलेल्या जोड्या तिथं मिटताना उजेड टाकतात. तेवढा तुकडा चपट्या चिमट्यानं उचलायचा, फिरवून परत ठेवायचा आणि मग दोन्ही तळव्यांनी स्वतःकडे ओढून सारखा करायचा.

स्वतःकडे ओढून. ही आमची सवय. कापडाच्या काळापासूनची, पोटाला टेबल लावून बसायचं आणि काठ आपल्याकडे ओढायचा. आपा तिच्याकडे ओढायची, मी माझ्याकडे. पंचवीस वर्षं.

मग कंपनीला वाटलं, एका टेबलाला दोन बायका कशाला? आपाला घरी पाठवलं. तिनं मिळालेल्या पैशात दोन जुने माग घेतले. मी एकटी उरले. सगळे ताके एकटीनं माझ्याकडे ओढायला लागले.

दोन महिन्यांनी प्रयोगशाळेतली तेजल मॅडम माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसली. पुण्याची पोरगी, अठ्ठावीस वर्षांची, हुशार, डबा आमच्यात बसून खायची. तीन दिवस माझ्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं, चुका काढतेय.

चूकच होती. माझ्या ताक्यांमध्ये एका काठाला दुप्पट वीज निघत होती आणि दुसऱ्या काठाला जवळजवळ नाही. तेजल मॅडमनं मला कारण समजावलं, आणि मी खोटं बोलणार नाही, आयुष्यात एवढं छान मला कुणी काही समजावलं नव्हतं. ती म्हणाली, जोडीला विजेनं ओढता येत नाही, कारण ऋण आणि धन मिळून शून्य. पण पापुद्रा जिथं ताणलेला असतो तिथं जोडीला कमी ऊर्जेत राहता येतं. मग ती तिकडे घरंगळते. शंभरात एक भाग ताण पुरतो. "सारिकाताई, तुम्ही हातानं उतार तयार करताय. यंत्रानं ओढलं की पापुद्रा फाटतो. तुमचा हात फाटायच्या आधी थांबतो. तो कसा थांबतो?"

"थांबतो," मी म्हणाले.

माझा सत्कार झाला. शाल दिली. मला मास्टर केलं, हाताखाली वीस मुली दिल्या, आणि त्या वीस मुलींना मी एका बाजूला ओढायला शिकवलं. उतार कशाला हवाय, हे मी विचारलं नाही. मला कुणीतरी हुशार म्हटलं होतं, मी त्या धुंदीत होते. आपली अक्कल वापरली जातेय याचा आनंद इतका असतो की कशासाठी वापरली जातेय हे माणूस विचारत नाही. शिकलेली माणसंही विचारत नाहीत. ती तर बक्षिसंही घेतात.

गुरुवारी मी रजा टाकली आणि ताडपत्री घेऊन आपाच्या घरी गेले.

"हे काय आता?"

"तुझं छप्पर झाकायचं."

"डोकं फिरलंय काय तुझं? हाय तेवढा उजेड बी घालवतीस?"

"आपा, घरातल्या मीटरचा आकडा बघत बस. फोन चालू ठेव. मी हाक मारली की सांग."

मी शिडी लावून चढले. पत्र्यावर खिळ्यांच्या रेषेवरून चालायचं असतं, नाहीतर पाय आत जातो. मार्चचं ऊन, पत्रा तव्यासारखा. पापुद्रा मांजराच्या डोळ्यासारखा चमकत होता. तीस छपरांवर सलग, मध्ये कुठं तार नाही. प्रत्येक छपराचा तुकडा शेजारच्यावर वीतभर चढवलेला. तिथं डिंक लागत नाही, थर इतके सपाट असतात की आपोआप बिलगतात. आणि अशा जोडावर ऊर्जा उडी मारते. जोडी स्वतः पलीकडे जात नाही. ती अलीकडे मिटते आणि तिची ऊर्जा पलीकडच्या थरात नवी जोडी उठवते. हातातला जिन्नस पुढच्याच्या हातात द्यावा तसं, छपरामागून छप्पर.

मी ताडपत्री पसरली. आपाचं अख्खं छप्पर काळोखात.

"आकडा?" मी फोनवर ओरडले.

"नव्वद वॅट होता, शून्य झाला."

"नीट बघ."

"डोळे गेलं न्हाईत माझं अजून! शून्य."

शिडीवरून उतरले आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला पळत गेले. पंचेचाळीस वर्षांची बाई पळताना बघून पोरं हसली. हसू देत. हिरव्या पेटीवर चढायच्या आधी एक्केचाळीस किलोवॅट होतं ते मी बघून ठेवलं होतं. आता चाळीस. परत पळाले, ताडपत्री काढली, परत पेटीपाशी. एक्केचाळीस.

आपाचं छप्पर झाकलं तर आपाच्या घरात नव्वद वॅटचा फरक पडत होता. कंपनीच्या पेटीत हजार वॅटचा. तिच्या डोक्यावर पडलेलं ऊन तिच्या घरात जवळजवळ उतरतच नव्हतं. ते छपरांवरून तीस घरं चालत पेटीत जात होतं. प्रत्येक घराला भिंतीपाशी बोटभर रुंद पट्टी दिलीय, समोरून जाणाऱ्या जोड्यांपैकी काही ती पकडते. पहिल्या घरापुढून जातंच कोण? तिथल्या जोड्या तर निघून जाणाऱ्या. माझ्या घरापुढून मात्र एकोणतीस छपरांची गर्दी जाते, त्यात त्या जोड्या एकमेकींना रेटतात, सांडतात, आणि सांडलेलं माझी पट्टी उचलते. तीन पंखे. कूलर.

आणि मग परत वर जाऊन मी ते बघितलं जे मला आधीच माहीत होतं. आपाच्या छपरावरच्या ताक्याचा काठ पेटीच्या दिशेला होता. काठावर मेंडिंगवाली आपला नंबर टाकते. सतरा. माझा. दुसऱ्या छपरावर सतरा. तिसऱ्यावर सतरा.

"काय झालं? कळलं काय?" आपा खालून विचारत होती.

"बघते उद्या कंपनीत," मी म्हणाले आणि तिच्याकडे न बघता घरी आले.

शुक्रवारी सकाळी तेजल मॅडमच्या केबिनमध्ये मी उभीच राहिले.

"मॅडम, आमच्या वसाहतीवर उतार टाकलाय?"

तिनं पेन खाली ठेवलं. "हो."

"लोकांना सांगितलं?"

"करारात आहे. घराला किमान पुरवठा, उरलेल्याचं वहन."

"पहिल्या घराला किमान बी मिळत नाही."

"ते मी लिहून दिलंय वर. दोनदा." आवाज खाली आला तिचा. "सारिकाताई, कायद्यात वीज म्हणजे तारेतून जाते ती. मीटर तारेवर बसतो. पापुद्र्यातून सरकते तिला कायद्यात अजून नाव नाही. ज्याला नाव नाही त्याची चोरी कशी होणार?"

"माझ्या आईनं माझं नाव ठेवायच्या आधी मला कुणी उचलून नेलं असतं, तर ती चोरी नव्हती काय?"

ती हसली नाही. तिला पटलं होतं, आणि पटूनही ती तिथंच बसणार होती, हे मला दिसलं. "तुम्हाला वाईट वाटावं असं नाही म्हणत मी," ती म्हणाली, "पण उतार तुमचाच आहे. सोमवारी आणखी बाराशे छपरांचे ताके निघतायत. तुमच्या टेबलांवरून."

मी वळले. दारात थांबले. "एक सांगा. जोडावरची ती उडी. किती अंतरावर जमते?"

शिकवायला तिला आवडतंच. "फार तर दहा-पंधरा अणूंचं अंतर. अंतर दुप्पट झालं की उडी कितीतरी पटींनी घटते. म्हणून तर जोडावरचं संरक्षक आवरण सोलावं लागतं. मध्ये धूळ जरी..."

ती थांबली. मी निघाले.

घरी विलासला सांगितलं. तो तीस वर्षं जॉबर होता, बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. डोकं चालतं त्याचं. पाच मिनिटांत उठून बसला.

"म्हणजे जोडात कायतरी सारलं की उडी बंद?"

"बंद."

"मग सोपं हाय की! आपल्या आणि पेटीच्या मधला जोड तेवढा तोड. शेवटचा. कंपनीला शून्य, आणि तीस घरांचं सगळं आपल्या दारात. मी आणखी चार पट्ट्या बसवतो. गिरणी टाकू, सारिका! बर्फाचा कारखाना टाकू!"

"आणि आपा?"

"तिला दिऊ की एक तार ओढून. आपल्या मर्जीनं."

तो मनापासून बोलत होता, हेच वाईट. दुष्ट नाही माझा नवरा. तिसाव्या घरात राहणारा माणूस आहे. तिसाव्या घरात राहिलं की असंच सुचतं. कंपनीच्या साहेबालाही असंच सुचलं असणार, तोही कुठल्यातरी रांगेच्या खालच्या टोकाला राहत असणार. माझ्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. केबिनमधून घरी येईपर्यंत दोनदा आलं होतं.

"सगळे जोड तोडायचे," मी म्हणाले. "एकोणतीसच्या एकोणतीस. आणि पेटीचा तिसावा. ज्याचं ऊन त्याच्या घरात."

"आणि आपले पंखे?"

"एक फिरेल."

"नोकरी?"

मी चिमटा पिशवीत टाकला.

"येडी हाईस तू," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दिवसाढवळ्या.

शनिवारी सकाळी साडेसातला आपाकडे गेले. माग पुसून ठेवले होते. लग्नाला निघालेल्या मुलीला तयार करावं तसे. माधवनगरचा माणूस अकराला येणार होता.

मी सगळं सांगितलं. उभ्यानं, एका दमात. उतार, काठ, सतरा नंबर. "माझ्या हातानं झालंय आपा. मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. मी विचारलं नाही."

ती मागावर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "काठ आपल्याकडं ओढायला तुला कुणी शिकवलं?"

"तू."

"मी समोर बसून तिकडं ओढत होते म्हणून तुझं ओढणं बरोबर होतं. मी उठले तवा तुझ्या ध्यानात नाही आलं, की आता समोर कोण न्हाई? एकदा बी?"

"नाही."

"वर्षभर मी छप्पर पुसत होते, सारिका. छपरावर बसून. तुझा नंबर वाचायला येत न्हाई मला असं वाटलं तुला?"

"तुला माहीत होतं?"

"नंबर म्हाईत होता. उतार-बितार म्हाईत न्हवतं. वाटायचं, सारिकाच्या हातचा माल हाय, यात खोट असायची न्हाई. खोट माझ्याच घरात असंल." तिनं नाक ओढलं. "जा तू आता."

"जोड तोडायचाय. तुझ्या छपराच्या पुढच्या टोकाचा, पहिला. एवढा तोडला तरी तुझे माग चालतील. फक्त एक पट्टी कापड दे, तुझंच, जाळीचं."

तिनं ताक्यातून दात लावून छपराएवढं लांब कापड फाडलं आणि माझ्या अंगावर फेकलं.

मी चढले. बिलगलेला पापुद्रा उचलणं हे काम वाटतं तसं सोपं नाही. नखानं गेलात तर फाटतो, घाईनं गेलात तर फाटतो. चपटा चिमटा काठाखाली सारायचा आणि तळव्याला तो सुटतोय हे कळेपर्यंत श्वास सोडायचा नाही. वीत वीत करत अख्खा काठ सुटला. जाळीचं कापड आत सारलं, कड परत खाली सोडली. आपाच्या कापडाचा एक धागा त्या उडीच्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. आता आपाच्या छपराच्या जोड्या उतारानं काठापर्यंत येणार, पुढे रस्ता नाही, तिच्याच पट्टीपाशी साचणार.

खालून काही ऐकू आलं नाही. एक मिनिट. दोन. मग दोन्ही माग एकदम सुरू झाले, खाडखाड, खाडखाड, आणि पत्रा माझ्या पायाखाली थरथरायला लागला.

आता खरं भांडण. दुसऱ्या घरातली कोमल बाहेर आली. "आमचा दिवा मंद झाला! काय केलंस वर?" तिच्या छपरावर वरून येणारं थोडंसं बंद झालं होतं. मी वरूनच तिला सांगितलं, तिचा जोड तोडला की तिचं तिला मिळेल. तोड म्हणाली आणि आपाकडून जाळीच्या कापडाचा ताका आणून वर दिला. मग तिसरं घर. चौथं. वरच्या अंगाची घरं पटकन तयार झाली. त्यांना मिळवायचंच होतं. पंधराव्या घरापाशी लोकांनी शिडी ओढून घेतली.

"आमचं बरं चाललंय. तुम्ही वरचे वरचे काय करायचं ते करा."

"तुमचं बरं चाललंय ते वरच्यांच्या उन्हावर," मी म्हणाले.

"मग? आम्ही मागितलं व्हतं? आपसूक येतंय! तू पहिली तुझ्या घराचं तोड, मग आम्हाला शिकव."

बरोबर होतं त्यांचं. मी पत्र्यावरून चालत, पंधरा छपरं ओलांडत, माझ्या घरावर आले. विलास अंगणात उभा होता, वर बघत. कमरेवर हात. सगळी वसाहत आमच्याकडे बघत होती.

"सारे, उतर खाली," तो म्हणाला. "हात लावू नको आपल्या जोडाला."

मी गुडघ्यावर बसले. एकोणतिसाव्या आणि तिसाव्या छपराचा जोड. चिमटा सारला, वीत उचलली, कापड घातलं. मग पेटीकडचा शेवटचा. त्यातही घातलं. हे करताना मी रडत होते म्हणतात बायका. ऊन होतं, घाम असेल.

घरातले पंखे थांबले आणि एकच परत फिरायला लागला. विलास आत गेला आणि दार लावून घेतलं. दार त्यानं दुपारपर्यंत उघडलं नाही.

त्यानंतर पंधराव्या घरानं शिडी परत लावली. सगळ्यांनी नाही. दोन वाजेपर्यंत तेवीस जोड झाले, सात जण नाही म्हणाले, अजून म्हणतायत. माधवनगरचा माणूस अकराला येऊन माग चालू बघून, शिव्या देत परत गेला म्हणे. मी तेव्हा अठराव्या छपरावर होते.

तीन वाजता तेजल मॅडम आली. एकटी. पेटीवरचा आकडा बघितला, शून्य होता. मग छपराकडे बघितलं. मी खाली नळावर पाय धूत होते, तळव्यांना फोड आले होते.

"सारिकाताई, काय घातलंत मध्ये?"

मी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं.

"मी अजून कुणाला सांगितलं नाहीये. मला फक्त कळू दे. पापुद्रा न फाटता उचललात कसा? आम्ही कोरियाहून यंत्र मागवलं होतं त्यासाठी, त्यानं अर्धे तुकडे फाडले. हे मोठं काम आहे, ताई. यावर तुमचं नाव लागू शकतं. मी लावेन."

तिच्या डोळ्यांत तेच होतं, तीन दिवस माझ्या हातांकडे बघताना होतं ते. खरं कुतूहल. लबाडी नाही. आणि मला सांगायचं होतं हो. जिभेच्या टोकावर होतं, की चिमटा किती तिरका धरायचा, तळव्याला सुटल्याचं कसं कळतं, श्वास कुठं धरायचा. अख्ख्या आयुष्यात मला नीट ऐकणारं माणूस एकच भेटलं आणि ते कंपनीच्या पगारावर होतं.

"सोमवारी मी येत नाही," मी म्हणाले. "माझ्या पोरीही येत नाहीत. त्यांच्याशी मी सकाळी फोनवर बोलले. सतरा जणी नक्की, तिघींच्या घरची माणसं नाही म्हणतायत."

"सांगणार नाही?"

"तुम्हाला नाही."

ती मान हलवून गेली. सोमवारी काय होईल मला माहीत होतं. नोटीस, पोलीस, वसाहतीचं छप्पर उचलून नेण्याची धमकी. झालंही तेच, आणि अजून चालू आहे. कोर्टात वकील विचारतो, चोरी कोणी केली, ते सांगा, आणि पापुद्र्यातल्या उजेडाला अजूनही नाव नाही.

पण त्या शनिवारी तेजल मॅडमची गाडी वळली तेव्हा नळापाशी पलीकडच्या वसाहतीतल्या चार बायका उभ्या होत्या. घागरी नव्हत्या त्यांच्याकडे. त्यांच्याकडे पन्नास छपरं होती आणि पेटी आमच्याहून मोठी.

"उचलायचं कसं, तेवढं दाखवा," त्यातली एक म्हणाली.

मी चिमटा घेतला आणि उठले. त्यांच्या वसाहतीत पोचले तर पहिल्याच घराला शिडी लावून मुमताजआपा उभी. लेकाचा मेहुणा गावातच असतो, माग त्याच्यावर सोपवून आली होती. काखेत जाळीच्या कापडाचा ताका.

"आपा..."

"बोलणार न्हाई मी तुझ्याशी," ती म्हणाली. "कधी बोलीन ते सांगत बी न्हाई. चढ. शिडी धरते."

मी चढले.